मावशीच्या उन्हाळी आवडी

आमची मावशी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि स्वतः चष्मा लावत नाही. गिऱ्हाइकाला ती छातीठोकपणे सांगते, "ही फ्रेम तुम्हाला फारच शोभते हो!" आणि तिचा स्वतःचा चष्मा पर्सच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेला. कारण विचारलं तर म्हणते, "एवढं निगुतीनं काजळ घालायचं आणि त्यावर काच बसवायची?"

अशी ही बाई दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ काढते, 'माझ्या उन्हाळी आवडी'. एक पुस्तक, मेकअपची एक वस्तू आणि ऐकण्यासारखं काहीतरी. चित्रीकरण माझ्याकडे, कारण मी भाची आणि मावशी-काकांच्याच घरी राहते. इमारतीतल्या बायका ती म्हणेल ते आणतात. मागच्या उन्हाळ्यात तिनं घामानं न उतरणारी लिपस्टिक सांगितली. ती घामानं उतरली नाही हे खरं, पण घरातल्या प्रत्येक कपाच्या कडेला जाऊन बसली. ऐकायला ती विचारवंतांच्या मुलाखती सुचवते. त्या लावल्या की ती स्वतः घोरायला लागते, हे मी कुणाला सांगत नाही.

पुस्तकाचं गुपित तर त्याहून मोठं. चष्म्याशिवाय तिला अक्षर दिसत नाही. म्हणून संध्याकाळी ती आरशासमोर कापसानं तोंड पुसत बसते आणि काका तिला मोठ्यानं वाचून दाखवतात. निवृत्त होईपर्यंत काका बस स्थानकावर घोषणा करायचे. आवाज असा, की कादंबरीतला नायक कुठल्या फलाटावर लागलाय तेही कळावं.

यंदाची कादंबरी चांगली जाडजूड होती. मुलगा बोटीवर नोकरीला जातो आणि आई खिडकीत बसून त्याची वाट बघते. व्हिडिओत मावशी गहिवरून बोलली, "शेवटी तो दारात उभा राहतो, हातात आईसाठी शाल! आणि आई काय म्हणते? 'आधी पाय पूस!' मी ढसाढसा रडले, पण हे काजळ बघा, जागचं हललं नाही."

खालच्या मजल्यावर मावशीची धाकटी जाऊ राहते. ती शाळेत भाषा शिकवते आणि आलेल्या निमंत्रणपत्रिकांतल्याही चुका काढते. तिचा मुलगा परदेशात असतो. दर उन्हाळ्यात 'येतो' म्हणतो आणि येत नाही. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही, बाकी सगळ्याबद्दल काढते. तिनं बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, "ताई, ही शाल कुठून आली? पुस्तकात तर बोट बुडते. रविवारी गच्चीवर जमूच या. तुम्ही पुस्तकावर बोला, मी माझी प्रत घेऊन येते."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. इमारतीत 'वाचणारी बाई' म्हणून तिला जो मान होता, तो रविवारी सगळ्यांदेखत जाणार होता.

"अहो, शाल कुठून आणलीत?"

काका चाचरले. "शेवटची पानं वाचवेनात. म्हटलं, आपणच आणू त्याला घरी."

"आणि 'आधी पाय पूस'?"

"ते तुझं. मी रोज ऐकतो."

"पण का?"

"नोकरीभर मी 'गाडी उशिरा येईल' एवढंच सांगितलं," काका म्हणाले. "'येणार नाही' सांगायची वेळ आली की माइक दुसऱ्याच्या हातात द्यायचो. बाकांवरची ती तोंडं बघवायची नाहीत."

"आणि माझं तोंड? माझी शोभा करून ठेवलीत!" मावशी कडाडली. त्या दिवसापासून वाचन बंद आणि बोलणंही बंद. शनिवारी दुपारी तिनं पर्समधून चष्मा काढला, दार लावून घेतलं आणि शेवटचं प्रकरण स्वतः वाचलं. बाहेर आली तेव्हा ते जागचं न हलणारं काजळ हनुवटीपर्यंत पोचलं होतं. मला तिचं वाईट वाटलं आणि हसूही आवरेना.

रविवारी ती चष्मा लावूनच गच्चीवर गेली. "मी हे पुस्तक वाचलेलं नव्हतं," ती उभी राहून म्हणाली. "मी कुठलंच वाचत नाही. हे वाचतात आणि मी ऐकते. शेवट ह्यांनी पदरचा घातला." बायका खुसुखुसु हसल्या. मावशी लालबुंद झाली, पण बसली नाही. मी जाऊबाईकडे बघितलं. एवढी जिंकूनसुद्धा तिनं आपली प्रत उघडली नव्हती.

संध्याकाळी ती वर आली. म्हटलं, आली उरलेल्या चुका काढायला. पण ती पुस्तक छातीशी धरून दारातच घुटमळत राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो शाल घेऊन येतो ना, तेवढंच वाचता का?"

काकांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं चष्मा काढून ठेवला आणि मान हलवली. मग काकांनी शेवटचं पान उघडलं आणि त्यावर नसलेलं सगळं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. बोट धक्क्याला लागली. दार वाजलं. 'आधी पाय पूस' आलं, तशी जाऊबाई ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

मावशीनं आपला तोंड पुसायचा कापूस तिच्यापुढे धरला.

"रड खुशाल," ती म्हणाली. "तुझं बरंय, तू काजळ घालत नाहीस."