वळायचं नाही

हे मी बायकोशीसुद्धा कधी धड बोललो नाही, आणि तिनं तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आज तुला सांगतो. तुलाच का, ते विचारू नकोस. सकाळपासून नुसता आत-बाहेर करतोय.

निजामाच्या राज्यात मी आष्टीच्या शाळेत मास्तर होतो. शिकवणं उर्दूत, घरचं बोलणं मराठीत. गावात मान होता, आणि तो मला फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो. माझी धाकटी पोर गंगू सहा वर्षांची झाली, तरी तिला बोललेलं नीट उमगायचं नाही. कान चांगले होते. मागे पितळी पडली तर दचकायची. पण वाक्य जरा लांबलं की चेहरा कोरा! लोक म्हणायचे, दोन भाषांत पोर गोंधळली. मीही तेच म्हणायचो. खोटं होतं ते. मराठीतही तिची तीच गत होती.

आणखी एक मला ठाऊक होतं — एका वेळी एकच गोष्ट सांगितली, हातानं करून दाखवली, थोडं थांबून पुन्हा सांगितली, तर तिला समजायचं. हळू, पण पक्कं. पण त्याला वेळ लागतो. आणि चारचौघांत लाज वाटते, काय करणार?

एकदा तपासणीचे साहेब शाळा बघून घरी चहाला आले. मला मिरवायची हौस. मी गंगूला फर्मान सोडलं — साहेबांचे जोडे बाजूला ठेव, मग आत जाऊन आईकडून पानाचा डबा आण. पोर गडबडली. जोडे घेऊन आत गेली आणि तेच जोडे दोन्ही हातांवर धरून साहेबांपुढे येऊन उभी राहिली. साहेब हसले.

"मास्तर, बच्ची समझती नहीं क्या?"

मास्तरची पोर येडी — गाव हेच म्हणणार, एवढंच डोक्यात आलं. तोंडातून निघून गेलं, "हुजूर, बहरी है."

साहेब हळहळले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. किती सोपं होतं! बहिऱ्या पोरीची लोकांना दया येते आणि बापाचं नाक शाबूत राहतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायको म्हणाली, "आवो, तिला बराबर आईकू येऊन राह्यलं की! काहून आसं बोलले तुम्ही?" मी डोळे वटारले. ती चुलीपाशी निघून गेली.

पण पोर मागून हाक आली की वळायची. माझा बोभाटा झाला असता! मग मी — इथेच माझी जीभ अडते — मी तिला शिकवलं. तिला पाठमोरी उभी करायचो, हाक मारायचो, वळली की खांदे धरून सरळ करायचो. "न्हाई." थांबायचो. पुन्हा हाक. कधी चापट मारली, जास्त करून गूळ दिला. दुसऱ्या कुणी हाक मारली तर आधी माझ्याकडं बघायचं, मी मान हलवली तरच वळायचं. शिकली ती. ज्या रीतीनं तिला बोलणं समजावता आलं असतं, त्याच रीतीनं मी तिला हे शिकवलं. इतक्या चिकाटीनं मी दुसऱ्या कुठल्याच पोराला काही शिकवलं नाही.

पुढं लोक तिच्याशी बोलेनासे झाले. बहिरीशी काय बोलायचं? पोरींनी खेळायला बोलावणं सोडलं. होते नव्हते ते शब्दही तिच्या तोंडून गेले. तिच्यादेखत तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलत, आणि ती बसून ऐकत असे. त्यातलं तिला किती समजत होतं? मला ते जाणून घ्यायची भीती वाटायची.

गंगू ऐन तरुणपणात आली तेव्हा बायको तापानं पडली. त्याच तापात बायको गेली. जायच्या आधी एका दुपारी शेजारीण तिच्या उशाशी बसली होती. गंगू दाराकडं तोंड करून ज्वारी निवडत होती.

"गंगे," बायको म्हणाली, "इकडं ये माय. माझ्यापाशी बस."

गंगूचे हात सुपात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं.

शेजारीण बघत होती. मी मान हलवली नाही.

गंगू पुन्हा ज्वारी निवडायला लागली. बायकोनं परत हाक मारली नाही.