मामाला फ्लू होऊ न देण्याचे नऊ दिवस

जुईनगरला आम्ही एकाच गावचे सहाजण एका खोलीत राहायचो. खोली मामाच्या नावावर होती. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तो बाजारात कांद्याबटाट्याच्या गोणी उचलायचा. त्याच्या पाठीवर गोणी चढत होत्या म्हणून मी तालुक्याच्या गावी कॉलेजला जाऊ शकलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पुढे रबाळ्याला रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा मामाने आपल्या अंथरुणाशेजारी माझं अंथरूण घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, "पोरगं बी.एस्सी. हाय. त्याच्या डोक्याशी कुणी विडी ओढायची न्हाई."

माझा विषय रसायनशास्त्र. पण आमच्या खोलीत बी.एस्सी. म्हणजे डॉक्टरच्या अलीकडचा थांबा समजला जायचा. कुणाला खोकला झाला, कुणाची दाढ दुखली, की मलाच विचारायचे. मला काही येत नसायचं, पण "येत नाही" म्हणायचीही लाज वाटायची. एवढं शिकवलं कशाला, असं मामाला वाटेल, ही भीती होती.

जानेवारीत एका गुरुवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने निरोप आणला. मामाला आदल्या दिवशी मुलगी झाली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मामी माहेरी होती. मुलगी झाली की बर्फी वाटायची आमच्याकडे पद्धत, पण मामाने पेढे आणले. दुकानदाराने "मुलगा का?" विचारलं, तर मामा म्हणाला, "मुलगी. पेढेच दे."

बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी होतं. मात्र मामाच्या सासूबाईंनी फोनवर एक अट घातली. पोर वजनाने कमी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सर्दी-तापाचा माणूस तिच्याजवळ येता कामा नये. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मुंबईकडं साथ हाय म्हणत्यात. नाक गळत असलं तर येऊ नका. आलासा तरी मी उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई. मग कुणी बी असा."

मामा फोन ठेवून आला तो छातीला हात लावून. "ताप यायचा न्हाई न्हवं मला?" त्याने मला विचारलं.

"नाही येणार," मी म्हणालो. कशाच्या आधारावर म्हणालो, ते मलाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या खोलीतला टेम्पोवाला जासईच्या कंटेनर यार्डातून आला, दारात चप्पल काढली आणि लागोपाठ सात वेळा शिंकला. टेम्पोवाला आमच्याच गावचा, पण लहानपणापासून इकडे राहिल्याने त्याची बोली मुंबईची झाली होती. "काय टेन्शन नाय," तो म्हणाला, "तिकडे यार्डात सगळ्यांनाच झालंय. व्हायरल आहे." आणि आठव्यांदा शिंकला.

सगळे मामाकडे बघत होते, मामा माझ्याकडे बघत होता.

आमच्यात सगळ्यात मोठे नाना होते. चाळीस वर्षं हमाली केलेला माणूस, गावाकडून सगळ्यात आधी इकडे आलेला. ते म्हणाले, "मास्तर, तुझी परीक्षा आली." मी मास्तर नव्हतो, पण नाना शिकलेल्या प्रत्येक माणसाला मास्तर म्हणत.

कारखान्यात सूचना फलकावर फ्लूबद्दल एक पत्रक लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते वहीत उतरवून घेतलं आणि संध्याकाळी उभा राहून वाचून दाखवलं. शिंकताना तोंडावर रुमाल धरावा. साबणाने वारंवार हात धुवावेत. आजारी माणसाने वेगळं झोपावं. टॉवेल, भांडी वेगळी ठेवावीत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

"शिंकायच्या आधी अर्ज करायचा का तोंडी सांगितलं तर चालंल?" नानांनी विचारलं.

पण मी मागे हटलो नाही. भिंतीत सहा खिळे ठोकले, सहा टॉवेल टांगले, वर खडूने आकडे घातले. मोरीत साबण सुतळीने बांधला, कारण आमच्याकडे साबण कायम कुणाच्या तरी खिशात जायचा. टेम्पोवाल्याचं अंथरूण गॅलरीत टाकलं. तो म्हणाला, "चायला, भाडं मी पण देतो ना!" खिडक्या उघडल्या. गावच्या थंडीपुढे जुईनगरची थंडी म्हणजे पोरखेळ, पण खाडीकडून पहाटे वारा यायचा आणि त्याच्यासोबत डासही यायचे. दोन दिवसांत आमच्यापैकी आणखी कुणाला फ्लू झाला नाही, पण सगळ्यांची तोंडं सुजली.

खरी लढाई तंबाखूवरून झाली. आमच्यात तंबाखू मळायचा मान नानांचा. ते डाव्या तळहातावर चुना लावून तंबाखू मळत, दोन टाळ्या देऊन धूळ उडवत आणि हात पुढे करत. मग सगळे त्याच तळहातावरची चिमूट उचलत. बाजारात दोन माणसांचं भांडण मिटलं की नाही, हे त्यावरूनच कळायचं. हात पुढे केला आणि समोरच्याने चिमूट घेतली नाही, तर वैर कायम.

मी म्हणालो, "नाना, आजपासून प्रत्येकाने आपापली मळायची."

नानांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना जातीबाहेर टाकलं. "माझा हात घाण हाय व्हय रं?"

"हात घाण नाही नाना, पण सहा जणांची बोटं लागतात."

"चाळीस वर्षं लागत्यात. कोण मेलं?"

मामा मध्ये पडला. "नाना, बारशापुरतं. पोरीसाठी."

पोरीचं नाव निघालं आणि नाना विरघळले. तोड अशी निघाली की मळायचं नानांनीच, पण वाटायचं चमच्याने. त्या संध्याकाळपासून नाना तळहातावरची तंबाखू चहाच्या चमच्याने एकेकाच्या हातावर टाकू लागले. शेजारच्या खोलीतले लोक दारात उभे राहून बघायचे. एकाने विचारलं, "प्रसाद हाय काय?" नाना म्हणाले, "औषध हाय. बी.एस्सी.चं."

एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण कौतुक माझ्या डोक्यात चढलं होतं. रविवारी मी मेडिकलमधून थर्मामीटर विकत आणला. आमच्या घराण्यात थर्मामीटर पहिल्यांदाच आला होता. मी तो डबीतून काढला, झटकला, उजेडात धरून पारा दाखवला, तेव्हा नानांनीसुद्धा टोपी नीट केली.

रोज संध्याकाळी सातला तपासणी सुरू झाली. सगळे ओळीत बसायचे. माझी पद्धत ठरलेली होती. आजारी माणसाला आधी बघावं म्हणून पहिला टेम्पोवाला. मग वयाचा मान म्हणून नाना. मग गोणी उचलणारे दोन भाऊ, जे सगळं एकत्रच करायचे आणि थर्मामीटरसाठीही एकाच वेळी तोंड उघडायचे. मग मामा; तो मात्र थर्मामीटर स्वतःच्या हातात घेऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. शेवटी मी. प्रत्येकाच्या तोंडातून काढला की मी थर्मामीटर रुमालाने पुसायचो आणि पुढच्याच्या जिभेखाली ठेवायचो.

आता हे लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा माझ्याजवळ त्याचं शास्त्रीय कारण होतं. पारा विषारी असतो, हे मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. विषाशेजारी जंतू जगेल कसा? पारा काचेच्या आत असतो आणि जंतू बाहेर असतात, ही बाब रसायनशास्त्राच्या पदवीधराच्या लक्षात आली नाही.

आकडे मी वहीत लिहायचो. मामाचा पारा रोज इतका खाली असायचा, की मी त्याच्यापुढे "अतिउत्तम" असा शेरा मारायचो. जिवंत माणसाचा पारा तिथे नसतो, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी नानांना कणकण आली. बुधवारी दोन्ही भाऊ एकाच वेळी शिंकले. गुरुवारी मी कारखान्यात प्रयोगशाळेच्या टेबलावर डोकं ठेवून झोपलो, तेव्हा साहेबांनी घरी पाठवलं. खोलीत येऊन बघतो तर तीन अंथरुणांवर तीन माणसं कण्हत होती आणि टेम्पोवाला नाक पुसत बसला होता. फक्त मामा ठणठणीत होता. तो पेज करत होता आणि जो मागेल त्याला पाणी देत होता.

सात वाजले. मी कर्तव्य म्हणून थर्मामीटर काढला, झटकला आणि टेम्पोवाल्याकडे वळलो.

नाना चादरीतून बोलले. आवाज बसला होता. "मास्तर, एक इचारू?"

"विचारा."

"ती काचेची कांडी तू रोज ह्या शेंबड्याच्या तोंडातनं काढतोस."

"ओ नाना, शेंबडा कोण?" टेम्पोवाला म्हणाला.

"तू. गप. त्याच्या तोंडातनं काढतोस आन् माझ्या तोंडात घालतोस. आन् माझ्या तळहाताला मात्र चमचा लावलास?"

मी थर्मामीटरकडे बघितलं. मग रुमालाकडे बघितलं. त्या रुमालात मी सकाळपासून नाक शिंकरत होतो.

मग दोन्ही भाऊ हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. टेम्पोवाला म्हणाला, "म्हणजे घरपोच दिला की याने. टेम्पो माझा, डिलिव्हरी याची!"

मला हसू येईना. मला मामाची पोर दिसत होती. मी घाबरून वळलो. "मामा, तुला काय होतंय? घसा? अंग? खरं सांग."

मामाने पेजेची पळी खाली ठेवली. पकडलेल्या मुलासारखा तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "रागवू नको. मी ती कांडी तोंडात घातलीच न्हाई कधी."

"म्हणजे?"

"खिडकीकडं तोंड करून उभा ऱ्हायचो न्हवं, तवा नुस्ती ओठाम्होरं धरायचो. पारा वर चढला आन् तू मला जाऊ दिलं न्हाईस तर? म्हनून."

चार दिवस मी वहीत जुईनगरच्या हवेचं तापमान लिहून "अतिउत्तम" म्हणत होतो. आणि मामा वाचला होता तो माझ्या शास्त्रामुळे नाही, तर माझ्या शास्त्राला फसवल्यामुळे.

पण आता मला ताप असूनही एक गोष्ट लख्ख दिसली. पाच आजारी माणसांच्या खोलीत मामाने आणखी दोन रात्री काढणं म्हणजे तो नक्की आजारी पडणार. मी त्याला तिथल्या तिथे साबणाने हात धुवायला लावले, बारशाचे धुतलेले कपडे पिशवीत भरले आणि म्हणालो, "रविवारपर्यंत या खोलीत यायचं नाही. बाजारात झोप, गाळ्यावर."

"मग तुमाला पेज कोन दील?"

"टेम्पोवाला उठलाय आता. तो बघेल."

"मी?" टेम्पोवाला म्हणाला.

"व्हय, तूच," नाना म्हणाले. "तूच आणलास न्हवं?"

मामा दोन दिवस बटाट्याच्या गोणींवर झोपला. मी मात्र त्याच्यासोबत बारशाला जाणार होतो. आई आत्या म्हणून पोरीच्या कानात नाव सांगणार होती आणि पोरीला पहिलं झबलं मी घालायचं, असं मामाने कधीच ठरवून टाकलं होतं. "तिचा थोरला भाऊ तू," तो म्हणायचा. शनिवारी दुपारी तो खोलीखाली आला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "चल रं! गाडी चारला हाय!"

माझा ताप उतरला होता. नाक गळत होतं, पण थोडंच. रुमाल खिशात ठेवला तर कुणाला कळलंही नसतं. मी खरंच चपला घातल्या. मग काढल्या आणि गॅलरीत गेलो.

"मी येत नाही, मामा."

"का? बरा दिसतोस की!"

"नाक गळतंय."

"वाईच गळतंय! सासूबाईंस्नी काय कळतंय?"

"मला कळतंय की," मी म्हणालो.

मामा खालून बघत राहिला. मग त्याने मान हलवली. मी झबलं धुऊन, इस्त्री करून पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं. टेम्पोवाला आता पूर्ण बरा होता, त्यानेच ते हात धुऊन खाली नेऊन दिलं. त्याच्यासोबत मी एक चिठ्ठीही दिली: "यांस ताप, सर्दी, खोकला नाही. दोन दिवस आजारी माणसांपासून दूर ठेवले आहे." खाली सही केली आणि सहीखाली बी.एस्सी. लिहिलं. आयुष्यात मी पदवी लावून केलेली ती पहिली सही.

मामा सोमवारी संध्याकाळी परतला. आम्ही पाचही जण तोवर उठून बसलो होतो.

"घेतलं का आत?" नानांनी दारातच विचारलं.

"आधी अंगणात अंघोळ घातली मला. सगळ्या गावादेखत. मग चिठ्ठी वाचून घेतली मेव्हण्याकडनं. दोनदा. सासूबाई म्हणाल्या, बी.एस्सी. म्हंजी कितवा डॉक्टर? मी म्हनलं, डॉक्टरच्या एक खाली. मग म्हणाल्या, त्यो स्वता का न्हाई आला? म्हनलं, त्याचं नाक वाईच गळत हुतं, म्हनून घरीच ऱ्हायला. तवा म्हणाल्या, तेवढं कळतंय म्हंजी शिकलाय खरा. आन् पोर मांडीवर दिली."

मामा थांबला. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि पोर किती होती, ते दाखवलं. एक वीत आणि वर चार बोटं.

"आन् मग?" दोन्ही भाऊ एकदम म्हणाले.

"मग मी तोंड खाली केलं, बघायला. तर ती शिंकली. माझ्या तोंडावर. समदी माझ्याकडं बघाय लागली, जनू काय मीच शिंकलो. सासूबाई म्हणाल्या, शतायुषी हो, आन् मग मलाच म्हणाल्या, जावईबापू, लांब बसा, तुमाला व्हईल!"

सगळी खोली हसत होती. मी मात्र सवयीने विचारलं, "मग तोंड धुतलंस का?"

"धुतो की रं," मामा म्हणाला, "आधी सांगू तर दे." आणि एसटीतून उतरल्यापासून त्याने पुन्हा सगळं सांगायला घेतलं.