बॉयलरवाल्याच्या घरची शेगडी

माझी मुलगी ठरल्यापेक्षा दोन महिने आधी जन्माला आली, आणि आमच्या खोलीच्या भिंती तोवर पत्र्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्या १९५०च्या दशकातली ही गोष्ट. मी मूळचा रत्नागिरीकडचा. एका कारखान्यात बॉयलर सांभाळायला आलो आणि दूधवाल्या ठकूबाईंच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बिऱ्हाड केलं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट. पवना नदीवरचा वारा एका बाजूने आत यायचा, आमची विचारपूस करायचा आणि दुसऱ्या बाजूने निघून जायचा. त्यात ही तळहाताएवढी पोर! बायको सुधा तापाने फणफणलेली. तिच्या मदतीला गावाहून आलेल्या सासूबाई स्वतःच कुडकुडत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "औषध काही नाही. ऊब द्या. पंधरा दिवस निघाले, तर पोर जगली म्हणायची."

"ऊब? अहो डॉक्टर, माझा तर धंदाच तो!" मी म्हणालो. (आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते.)

दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला गेलो. दुकानदाराने विजेचा हीटर पुढे ठेवला. "बटण दाबा की लालभडक!"

"आणि खोलीत वीज नसेल तर?"

"मग दाबू नका."

शेवटी वातीचा रॉकेल स्टोव्ह घेतला. उचलून कुठेही नेता येणारा! दोन तासांत पोरीच्या इवल्याशा नाकपुड्या काळ्या झाल्या. सासूबाई कडाडल्या, "जावईबापू, काजळ डोळ्यांत घालतात, नाकात नाही! बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात. त्यात शोधायचं काय एवढं?"

शेगडी आली. पण तिची सगळी ऊब फटींतून गोठ्यात! (ठकूबाईंच्या म्हशी त्या आठवड्यात खूश होत्या.) आणि इथे माझ्यातला जाणकार जागा झाला. बॉयलरवर गळती म्हणजे शत्रू. वाफ दिसली की दोरी गुंडाळायची, वर लिंपण थापायचं. रविवारी सकाळपासून मी कामाला लागलो. भुसा घालून चिखल मळला, वरच्या फटीत पोती कोंबली, खिडकीत सुधाचं जुनं लुगडं, दाराखाली माझं धोतर. एक फट उरली, तिच्यावर माझं बॉयलरचं सर्टिफिकेट फ्रेमसकट ठोकलं!

"अहो, एखादं तरी भोक राहू द्या," सुधा खाटेवरून म्हणाली.

"अगं, भोक ठेवणं म्हणजे कोळसा फुकट घालवणं!"

दुपारी चार वाजता शेगडी काठोकाठ भरली. खोली पहिल्यांदाच तापली. मी स्वेटर काढला. सासूबाईंची जपमाळ हातातच थांबली. सुधा म्हणाली, डोकं जड झालंय. "ऊब अंगात मुरतेय," मी समजावलं. आणि नऊ दिवस मांजराच्या पिलासारखी कुरकुरणारी पोर गप्प झाली. मला केवढं समाधान वाटलं! त्या समाधानाची मला अजून भीती वाटते.

ठकूबाई संध्याकाळचं दूध घेऊन आल्या. दार वाजलं, ते मी ऐकलं. "आलो" म्हणालोही, पण आडवाच राहिलो. पाय माझे नव्हतेच. मग धोतरासकट दार आत आलं.

"आरं मुडद्यांनो, मेलाव का काय समदी?"

ठकूबाईंनी शेगडी लाथेनं अंगणात उडवली, आम्हाला एकेकाला ओढून बाहेर काढलं. पोरीचे ओठ निळे पडले होते. ठकूबाई तिच्या तळव्यांवर टिचक्या मारत होत्या, तोंडावर फुंकर घालत होत्या. मी भिंत धरून ओकत होतो. देवाचं नावसुद्धा आठवेना. किती वेळ गेला, माहीत नाही. मग एक बारीक कुरकुर ऐकू आली आणि मी ढसाढसा रडलो.

"दादा, तुमी कारखान्यात काय काम करता?" ठकूबाईंनी विचारलं.

"बॉयलर..."

"तितं बी असंच समदं बंद करून जाळ करता व्हय?"

कोळशाला हवा कमी पडली की विषारी वायू होतो, हे परीक्षेत लिहूनच मी पास झालो होतो. ते सर्टिफिकेट आत फट बुजवत होतं!

"आता शेगडी न्हाई, इष्टो न्हाई. कापडं काढा."

"कुणाची?"

"तुमची! बायकूला ताप हाय, म्हातारी नुसती हाडं. तुमच्याच अंगावर मास हाय काय ते."

माझ्या पोटाचं कौतुक झालं ते आयुष्यात तेवढंच. उघड्या छातीवर पोर, वर घोंगडी, आणि पोतीबिती काढलेल्या वाऱ्याच्या खोलीत मी भिंतीला टेकून! रजा टाकली. शिंकायचं नाही, खाजवायचं नाही, कूस बदलायची नाही. मी फक्त तिचा श्वास मोजत होतो. मध्येच तो चुकायचा, आणि पुढचा येईपर्यंत माझाही अडकायचा. तिला पाजायला सुधाकडे दिलं की तेवढ्यात मी जेवून घ्यायचो.

पंधरा दिवस निघाले. वर आणखी दहा गेले. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, मग घोंगडीतल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता बापाला उठायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी मी ताठ मानेनं कामावर गेलो. वाटलं, माझ्यावाचून बॉयलरचे हाल झाले असतील. फोरमनसाहेब धावतच सामोरे आले, माझे दोन्ही हात धरले.

"राव, आणखी महिनाभर रजा मिळते का बघा की! तुम्ही गेल्यापासून वाफेच्या दाबाचा काटा एकदासुद्धा खाली घसरला नाही!"