बिनलोण्याचे पॅटिस

आज अशा खाण्याला व्हीगन म्हणतात आणि त्याची वेगळी दुकानं निघाली आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आम्ही नालासोपारा पूर्वेला, तुळिंजला राहत होतो, तेव्हा आमच्या घरात त्याला 'हिचं वेगळं' म्हणत. ही म्हणजे माझी लेक. तिला दुधाचं काहीच चालत नसे, ना दही, ना लोणी, ना तूप. अंड्याचंही तेच. चुकून पोटात गेलं की अंगभर गांधी उठत, ओठ सुजत आणि छातीतून शिट्टी वाजायला लागे. एकदा पूजेच्या प्रसादाचा चिमूटभर शिरा तिच्या तोंडात गेला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात पळवावं लागलं. तेव्हापासून मी कुणाकडेही गेले तरी आधी त्यांच्या पातेल्यात नाक खुपसायची. लोकांना ते आवडायचं नाही, पण लोकांना आवडावं म्हणून मी जातच नव्हते.

आमच्या बिल्डिंगमध्ये वाढदिवस म्हणजे केक, वेफर्स आणि नाक्यावरच्या बेकरीतले गरम पॅटिस. केकचं फार कौतुक कुणाला नसे. खरी झुंबड पॅटिसवर. पोरं फ्रॉकवर, शर्टावर चुरा सांडत खात आणि आमची बाई भिंतीला टेकून आपल्या डब्यातला चिवडा चघळत बसे. ती रडत नसे. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आठव्या वाढदिवसाला काय करू, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पॅटिस. सगळ्यांना असतील तेच मला." मग जरा थांबून म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल."

हे शेवटचं मला झोंबलं. आठ वर्षांच्या मुलीनं इतकं समजूतदार असू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मी तिला सांगून टाकलं की जमेल. कसं, ते मला माहीत नव्हतं.

बेकरीवाल्याला विचारलं तर तो हसला. "ताई, मस्का काढला तर पॅटिसमध्ये राहणार काय?" नवऱ्याने भेळ सुचवली. भेळेशी माझं काही वैर नाही, पण तिने भेळ मागितली नव्हती. मी दोन दिवस फणफणत स्वयंपाक केला आणि तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना डोक्यात उजेड पडला. पदर सुटणं हा काही बेकरीवाल्यांनी लावलेला शोध नाही. दर दिवाळीला मी साट्याच्या करंज्या करतच होते की. तूप आणि कॉर्नफ्लोअर परातीत तळहाताने फेसून लोण्यासारखं हलकं करायचं, तो साटा. तो पोळ्यांना फासायचा, एकावर एक पोळ्या ठेवायच्या, घट्ट गुंडाळी करायची, कापायची आणि परत लाटायची. तळलं की पदर मोजून घ्या. मग तुपाच्या जागी डालडा घातला तर? डालड्यात दुधाचा थेंब नाही. करंजीच्या जागी चौकोनी घडी, सारणाच्या जागी बटाटा-मटार. जानेवारी होता, मटार स्वस्त होते आणि थंडीने डालडा आपणहून घट्ट होता. सगळं जुळून आलं होतं.

ओव्हन नव्हता, पण त्याचीही काळजी नव्हती. दिवाळीला नानकटाईचे आणि नाताळाच्या आधी वसईकडच्या घरांतले गोडाचे ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची आमच्याकडे रीतच आहे. दुपारचे पाव निघाले की भट्टीची धग उतरते, तेव्हा घेऊन या, असं बेकरीवाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतंच. मी ते लक्षात ठेवलं.

वाढदिवसाच्या सकाळी कणीक नव्हे, मैदा भिजवला, तेलाचं कडकडीत मोहन घातलं. बटाटे, मटार, आलं-मिरची, भरपूर कोथिंबीर आणि ओलं खोबरं घालून सारण परतलं. मग परात मांडीत घेऊन साटा फेसायला बसले. सासूबाई समोर मटारची सालं आवरत होत्या. त्या साताऱ्याकडच्या, हाताने सढळ. नातीवर जीव टाकायच्या. अर्ध्यात नळाला पाणी आलं म्हणून मी उठले, पिंप भरलं आणि परत येऊन परातीत हात घातला. साटा मघापेक्षा मऊ लागला. हात नाकाशी नेला. घरच्या कढवलेल्या तुपाचा वास कुठेही लपत नाही.

"आई, ह्यात तूप घातलंत?"

"चमचाभरच घातलं गं. लेकराचा वाढदिवस, आणि नुसता डालडा? बरं दिसतं का ते?"

मी ओरडले. किती ओरडले ते शेजाऱ्यांनी मला पुढे सांगितलं. सासूबाईही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "दूध घातलंय का मी? दुधाचं दही झालं, दह्याचं लोणी झालं, लोणी विस्तवावर कढवलं. आता त्यात दूध राहिलं कुठं? तूप म्हणजे विष असल्यासारखी बोलतेस."

"हिला विषच आहे ते," मी म्हणाले. "त्या प्रसादाच्या शिऱ्यात दूध नव्हतंच. नुसतं तूप होतं."

सासूबाईंचा हात मटारच्या सालांत तसाच राहिला. रिक्षात नातीचं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं. इतके दिवस त्या समजत होत्या की शिऱ्यात कुणीतरी दूध घातलं असणार. त्या उठल्या, चपला घातल्या आणि मी उठायच्या आत जिना उतरल्या. परत आल्या त्या डालड्याचं नवं पाकीट घेऊन. तो बिघडलेला साटा त्यांनी डब्यात काढून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला, परात गरम पाण्याने आणि साबणाने घासली, माझे हातही घासायला लावले, आणि पदर खोचून स्वतः साटा फेसायला बसल्या. मला म्हणाल्या, "तू पोळ्या लाट. फेसायला तुझ्या हातात जोर नाही." हे खोटं होतं, पण मी ऐकून घेतलं.

त्यांनी तो असा फेसला की पाण्यात टाकलेली गोळी वर तरंगली. मी लाटत गेले, त्या भरत गेल्या, कडा पाण्याचं बोट लावून दाबत गेल्या. दुपारी आम्ही दोघी आमचेच दोन ट्रे डोक्यावर नाही, पण मिरवत मात्र तशाच, बेकरीत घेऊन गेलो.

भट्टीपाशी कारागिराने ट्रे हातात घेतले, खाली ठेवले आणि सवयीने कुंचला उचलून बाजूच्या वाडग्यात बुडवला. वाडग्यात फेटलेलं अंडं होतं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"लावायचं नाही."

"आजी, नाय लावलं तर वरून रंग नाय येणार. दूध लावू का?"

"अंडं नको, दूध नको, मस्का नको," सासूबाई म्हणाल्या. "तूपसुद्धा नको. तुपात दूध असतं."

हे त्यांनी असं ठणकावून सांगितलं, जणू जन्मभर हेच सांगत आल्या होत्या. मी तिथे हसले नाही, याचं श्रेय मला मिळायला हवं. कारागिराने बेकरीवाल्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली आणि ट्रे तसेच आत गेले. सासूबाई भट्टीच्या तोंडाशी उभ्याच राहिल्या. तो कुंचला जिकडे जाई तिकडे त्यांची नजर जाई.

ट्रे बाहेर आले तेव्हा वरचा रंग थोडा फिका होता, हे कबूल. पण पॅटिस टम्म फुगले होते आणि कडेला पदर न् पदर सुटा दिसत होता. बेकरीवाला काउंटर सोडून आत आला. मी न विचारता एक त्याच्या हातावर ठेवला. त्याने चावा घेतला, चुरा त्याच्या बनियनवर पडला. उरलेलाही त्याने खाल्ला आणि हात झटकत विचारलं, "साटा कशाचा?" मी म्हणाले, डालड्याचा. त्या क्षणी मला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं आणि घरापर्यंत मी एकही ट्रे कुणाला धरू दिला नाही, सासूबाईंनासुद्धा नाही.

संध्याकाळी बिल्डिंगची सगळी पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसली. केक मी आणलाच नव्हता. सगळ्यांना एकसारख्या प्लेटी, प्रत्येकीत तेच. लेकीने आपली प्लेट मांडीवर घेतली आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, खा. पहिला पॅटिस तिने हळूहळू, कडेचा एकेक पापुद्रा सोलत खाल्ला. दुसरा खाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी कुठल्या बेकरीतून आणले, असं विचारलं, तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या विंगमध्येही ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं.

मी स्वयंपाकघरातून आणखी घेऊन येईपर्यंत प्लेटी रिकाम्या होत आल्या होत्या. लेकीच्या मैत्रिणीने आपल्या पॅटिसचा सारणाचा मधला भाग शेवटी खायला म्हणून बाजूला ठेवला होता. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मुलीने हात लांब केला, तो उष्टा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. मैत्रीण किंचाळली, "काकू, हिने माझं खाल्लं." दोघींची जुंपली, झिंज्या ओढण्यापर्यंत गेली. आठ वर्षांत माझ्या मुलीने दुसऱ्याच्या ताटातलं काही उचललं नव्हतं. सासूबाई सोडवायला उठत होत्या, मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. म्हटलं, भांडू द्या.