पणजोबांचं पुरं नाव

जावई परदेशातला म्हटलं की लोक विचारतात, तो खातो काय? माझ्या मोठ्या नणंदेनं विचारलं, "मूळ गाव कोन्तं?"

नणंदबाई दिघोरीच्या. धानाची शेती, आवाज दणदणीत. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. माझी तर या घरात आल्यापासूनच बंद आहे. लेकीचं लग्न आम्ही आमच्या लाखनीतच धरलं होतं. आदल्या दिवशी हळद आटोपली आणि त्या जावयाच्या वडिलांसमोर खुर्ची ओढून बसल्या. कन्यादानाच्या वेळी गुरुजी नवऱ्या मुलाच्या बापाचं, आज्याचं आणि पणज्याचं नाव घेतात. ती नावं पक्की करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. न घेतील तर त्या कसल्या!

इवाई, म्हणजे जावयाचे वडील, जर्मनीचे. मोजकं बोलणारा, उंच, पिवळ्या हातांचा माणूस, कारण हळद लावताना कोणीच त्यांना सोडलं नव्हतं. मधे बसून लेक दोन्हीकडचं सांगत होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. आजोबांच्या, म्हणजे जावयाच्या पणजोबांच्या, नावापाशी मात्र अडले.

"आडनाव हे नव्हतं त्यांचं," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजोबा पोलंडचे. आडनाव त्यांच्या खेड्यावरून पडलेलं, आपल्याकडच्या 'कर'वाल्या आडनावांसारखं. पोटासाठी ते जर्मनीत कोळशाच्या खाणीवर आले. तिथं त्या परक्या नावावरून लोक हसायचे, शाळेत पोरांना छळायचे. शेवटी आजोबांनी जर्मन वळणाचं आडनाव घेतलं आणि जुनं घरात कोणी काढायचं नाही अशी ताकीद दिली. इवायांना ते त्यांच्या वडिलांनी एकदाच, कानाशी लागून सांगितलं होतं.

जावई बापाकडे बघतच राहिला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला दोघांचीही फार माया आली, आणि नणंदेचा रागही. लग्नघरात नको ती खपली कशाला काढायची?

"नणंदबाई, आता वापरतात तेच सांगू गुरुजींना," मी म्हटलं.

"काहून? लगनाले पितर येतेत. बदलल्या नावानं बलावलं त त्यायले समजन का, आपल्यालेच बलावून राह्यले म्हनून?"

लेकीनं हे इवायांना सांगितलं. "आजोबांनी मनाई केली होती," ते म्हणाले. "मी ती मोडू का?"

"मनाई कायले केली? लोक हासत होते म्हनून ना? आमच्या मांडवात कोन हासते, ते पायतोच मी!"

हळदीला आलेले गुरुजी कोपऱ्यात सामान आवरत होते; इवाई त्यांच्यापाशी गेले, खाली वाकले आणि ते नाव त्यांच्या कानात सांगितलं. मोठ्यानं म्हणायचा धीर त्यांना तेव्हाही झाला नाही. गुरुजी जानवं चाचपत पुटपुटत गेले. त्यांना ते रात्रभर पाठ करावं लागलं असणार.

दुसऱ्या दिवशी हायवेवर ट्रक धडधडत होते, मांडवात पाहुण्यांचा गलका. कन्यादानाला गुरुजींनी माइक तोंडाशी धरला. आमच्या तीन पिढ्या त्यांनी एका दमात म्हणून टाकल्या. जावयाच्या पणजोबांपाशी आले आणि अडखळले, परत धरलं, परत अडखळले. मागच्या रांगेत एक जण खुसखुसला. नणंदबाईंनी मान वळवून नुसतं पाहिलं. खुसखुस जागच्या जागी विरली.

तिसऱ्यांदा नाव सबंध आलं. लाउडस्पीकरवरून बाहेर रस्त्यापर्यंत गेलं.

इवायांनी लेकीकडे वाकून काहीतरी सांगितलं. ती गुरुजींना म्हणाली, "आणखी एकदा म्हणता का?"

गुरुजींना पुढचा मुहूर्त गाठायचा होता, पण त्यांनी माइक सरळ इवायांच्याच तोंडापुढे धरला. इवाई उठून उभे राहिले. आणि आजोबांचं नाव त्यांनी भर मांडवात, मोठ्यानं घेतलं.