खोडलेलं नाव

विमा योजनेच्या दवाखान्यात मी दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जातो. गेल्या खेपेला माझ्यापुढे एक बाई फिट येणाऱ्या नवऱ्याला घेऊन बसल्या होत्या. नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट तपासलं, झरझर एका औषधाचं नाव लिहिलं. मग टेबलाच्या काचेखालची मंजूर औषधांची यादी पाहिली आणि ते नाव खोडून खाली दुसरं लिहिलं.

"आधीचं का खोडलंत, मॅडम?" त्याच्या बायकोने विचारलं.

"ते यादीत नाही. याने भागेल."

भागेल म्हणजे कोणाचं? मी मनातच चडफडलो. मलाही त्याच दारातून गोळ्या न्यायच्या होत्या.

बाहेर येऊन त्याच्या बायकोने कागद खिडकीच्या उजेडात धरला. रेघेखालचं खोडलेलं नाव त्या कितीतरी वेळ लावू पाहत होत्या. ती यादी करणाऱ्याने या माणसाला कधी जमिनीवर कोसळताना पाहिलंच नसणार.

आज ते दोघं पुन्हा दिसले. त्याच्या कपाळावर ताजे टाके होते. डॉक्टरीणबाईंनी गोळी तीच ठेवली, फक्त वाढवून दिली. कागदावर खाडाखोड नव्हती. काचेखाली त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. यादी आता त्यांना पाठ झाली होती.