खोलीभर अनवाणी

सिल्व्हर पार्कला राहायला आलो तेव्हा आईची नजर जवळजवळ गेली होती. गिरगावच्या खोलीत ती सहज वावरायची; इथे मात्र भिंत धरून चालायची.

हॉलमध्ये कागद सोलून चिकटवायच्या व्हिनाइल टाइल्स बसवायला एक कारागीर आला. दोन दिवस त्याने टाइलला हातच लावला नाही. जुन्या लादीतले खड्डे भरले, घासले, पुसले, पंख्याखाली सुकवले. मी वैतागलो. "अहो, चिकटवा ना आता!"

"साहेब, खाली वाळूचा कण जरी राहिला तरी वर उठून दिसतो. माझ्या हातांना घट्टे पडलेत, बारीक काही लागत नाही." मग तो दारातल्या आईकडे वळला. "आजी, चपला काढून जरा फिरता का? साहेब घाईत आहेत, त्यांना नाही कळणार."

आई बिचकतच आत आली. खिडकीपाशी थांबून म्हणाली, "इथे टोचतंय."

त्याने लगेच गुडघे टेकून तिथे लोखंडी पट्टीने खरवडलं. "आता?"

"आता नाही."

आई फिरत राहिली. तिचा हात भिंतीवरून कधी सुटला, मला कळलंच नाही. त्याला कळलं असावं. कारण लादी गुळगुळीत झाल्यावरही तो म्हणत होता, "आजी, अजून एकदा बघता का?"